समुद्राच्या तळाला पाडलेली भोकं

पृथ्वीच्या अंतरंगाची आकृती आपण फळ्यावर काढतो. बाहेर पातळ कवच, त्याखाली जाडजूड प्रावरण, मध्यभागी गाभा. कवचाचे पुन्हा दोन प्रकार सांगतो, खंडीय आणि सागरी. खंडांखालचं कवच सरासरी ३५-४० किलोमीटर जाड, महासागरांखालचं जेमतेम सहा-सात किलोमीटर. मुलं आकृती वहीत उतरवून घेतात, नावं देतात आणि धडा संपतो. क्वचित एखादी चौकस मुलगी विचारते, "पण बाई, हे कुणी पाहिलं?"

प्रश्न अगदी रास्त आहे. सागरी कवचापुरतं बोलायचं तर त्याचं खरं उत्तर 'पुरतं कुणीच पाहिलेलं नाही' असं आहे. धड, न मोडलेल्या सागरी कवचाला वरपासून खालपर्यंत आरपार भोक पाडून प्रावरणापर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही. मग आकृतीतले थर आले कुठून? आणि ते बरोबर आहेत हे कसं ताडून पाहायचं? या लेखात आपण त्याच मागे जाऊ.

कवचाला 'खालची कड' आहे हे पहिल्यांदा कळलं ते भूकंपामुळे. ८ ऑक्टोबर १९०९ रोजी क्रोएशियातल्या झाग्रेबजवळ भूकंप झाला. तिथले शास्त्रज्ञ आंद्रिया मोहोरोविचिच यांनी निरनिराळ्या गावच्या भूकंपमापकांवरच्या नोंदी तपासल्या. दूरच्या ठिकाणी भूकंपाच्या लहरी अपेक्षेपेक्षा लवकर पोचल्या होत्या. हे कसं घडावं? शेजारच्या गावाला जायचं असेल तर आपण गावातल्याच रस्त्यानं जातो. पण दोनशे किलोमीटर जायचं असेल तर थोडी वाट वाकडी करून हमरस्ता गाठतो. अंतर वाढतं, तरी वेग जास्त असल्यामुळे लवकर पोचतो. लहरींनीही तेच केलं होतं. काही लहरी खाली उतरून, जास्त वेग देणाऱ्या खडकातून प्रवास करून पुन्हा वर आल्या होत्या. म्हणजे खाली कुठेतरी खडक एकदम बदलत असला पाहिजे. या सीमेला आज 'मोहो' म्हणतात. मोहोच्या वर कवच, खाली प्रावरण.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे. मोहो ही लहरींच्या वेगातली सीमा आहे. तिथे खडकाचा प्रकार बदलतो, हा आपण काढलेला अर्थ.

जमिनीवरून मोहो गाठणं जवळजवळ अशक्यच. सोव्हिएत संघानं कोला द्वीपकल्पात वर्षानुवर्षं खोदून १९८९ मध्ये १२,२६२ मीटर खोली गाठली. तिथलं तापमान १८० अंशांच्या आसपास गेलं आणि कवचाचा एक तृतीयांश भागही पार झाला नव्हता. समुद्रात मात्र कवच पातळ. अडचण एवढीच की त्याच्या डोक्यावर तीन-चार किलोमीटर पाणी असतं.

तरीही अमेरिकेत १९५७ पासून काही शास्त्रज्ञांनी हा विचार धरला. १९६१ मध्ये मेक्सिकोच्या ग्वाडालुपे बेटाजवळ साडेतीन किलोमीटर खोल पाण्यात 'कस-१' नावाच्या जहाजावरून भोक पाडलं गेलं. एवढ्या पाण्यात नांगर टाकून जहाज स्थिर ठेवता येत नाही. म्हणून चार कडांना चार मोटारी बसवून, सतत मागेपुढे ढकलत ते एका जागी ठेवलं. १७० मीटर गाळ पार झाला आणि खाली काही मीटर बेसाल्ट लागला, म्हणजे आपल्या सह्याद्रीत आहे तोच काळा पाषाण. पुढे खर्च वाढत गेला, कारभारावर टीका झाली आणि १९६६ मध्ये अमेरिकन संसदेनं पैसा बंद केला. 'मोहोल' नावाचा हा प्रकल्प फसला असं म्हणतात. पण खोल पाण्यात तरंगत्या जहाजावरून खडक खोदता येतो, हे त्यानं दाखवलं. पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

दरम्यान कागदावर एक मोठी कल्पना पुढे आली होती. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी मांडलं की महासागरांच्या मधून जाणाऱ्या पर्वतरांगांवर नवा सागरतळ सतत तयार होतो आणि दोन्ही बाजूंना सरकत जातो. या रांगांची एकूण लांबी ६५,००० किलोमीटरच्या आसपास आहे. कल्पना पडताळून पाहण्याची युक्ती सापडली ती आपल्याच शेजारी. अरबी समुद्राच्या दक्षिणेला कार्ल्सबर्ग नावाची सागरी पर्वतरांग आहे. १९६२ मध्ये 'ओवेन' या ब्रिटिश जहाजानं तिथल्या चुंबकत्वाची मोजणी केली. लाव्हा थिजताना त्यातली लोहखनिजं त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेची नोंद धरून ठेवतात आणि ही दिशा अधूनमधून उलटते. फ्रेडरिक व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी १९६३ मध्ये सुचवलं की सागरतळावर सुलट आणि उलट चुंबकत्वाचे जे पट्टे दिसतात, ते तळ सरकत गेल्याचीच नोंद आहेत.

आता भोकं पाडून तपासणं आलं. १९६८ मध्ये 'ग्लोमार चॅलेंजर' हे जहाज कामाला लागलं. त्याच्या तिसऱ्या मोहिमेत दक्षिण अटलांटिकमधल्या पर्वतरांगेच्या दोन्ही अंगांना भोकं घेतली गेली. प्रत्येक ठिकाणी बेसाल्टला अगदी लागून असलेला गाळ काढायचा आणि त्यातल्या सूक्ष्म जीवाश्मांवरून वय ठरवायचं. लाव्हा थिजल्यावर त्यावर पडलेला हा पहिला गाळ, म्हणजे खालच्या खडकाचं वय जवळपास तेवढंच. रांगेपासून सुमारे २२० किलोमीटरवर वय आलं १.१ कोटी वर्षं, सुमारे ४२० किलोमीटरवर २.४ कोटी, १,०१० किलोमीटरवर ४.९ कोटी आणि १,३०० किलोमीटरवर ६.७ कोटी. हे आकडे मुलांना आलेख-कागदावर मांडायला द्यावेत. बिंदू जवळपास सरळ रेषेत येतात आणि रेषेच्या चढावरून वेग निघतो, वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर. आपली नखं वाढतात तशीच ही चाल. एका बाजूला दोन म्हणजे दोन्ही बाजू मिळून चार, हे मुलांना विसरू देऊ नये.

तळ सरकतो हे ठरलं. पण तो घडतो कसा?

इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. कवचाखाली सगळीकडे तापलेल्या रसाचा समुद्र आहे आणि फट पडली की तो बाहेर येतो, असं पुष्कळांना वाटतं. काही पुस्तकांतल्या लालभडक आकृत्याही तसंच सुचवतात. प्रत्यक्षात प्रावरण घन आहे. ते तापलेलं आहे, कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात हळूहळू वाहूही शकतं, पण आहे खडकच. मग रस येतो कुठून?

याचं उत्तर इंजेक्शनच्या सिरिंजमधून दाखवता येतं. सुई काढून टाकलेली प्लॅस्टिकची सिरिंज घ्या. तिच्यात ७०-८० अंशांचं गरम पाणी थोडंसं भरा आणि आतली हवा घालवून टाका. तोंड रबराच्या बुचानं घट्ट बंद करून दट्ट्या जोरानं मागे ओढा. पाण्यात बुडबुडे उसळतात, ते उकळू लागतं. दट्ट्या सोडला की उकळणं थांबतं. (पाणी गरम आहे, म्हणून हा प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावा.) आपण पाण्याला उष्णता दिलेली नाही, फक्त दाब कमी केला. पाण्याची वाफ होताना आकारमान वाढतं, आणि दाब त्या वाढीला विरोध करतो. दाब हटला की कमी तापमानालाही वाफ होते.

खडक वितळतानाही त्याचं आकारमान वाढतं. म्हणून खोलवरचा खडक १,३०० अंशांहून जास्त तापलेला असूनही दाबामुळे घनच राहतो. सागरी पर्वतरांगेखाली दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात, तेव्हा रिकामी होणारी जागा भरायला प्रावरणाचा खडक वर येतो. वर येताना तो किंचित थंड होतो खरा, पण दाब घटल्यामुळे त्याचा वितळणबिंदू त्याहून झपाट्यानं खाली येतो. एका खोलीवर खडक वितळू लागतो, तोही सगळा नाही. दहा-वीस टक्क्यांच्या आसपास. प्रावरणाचा खडक पेरिडोटाइट. त्यातला सहज वितळणारा अंश गाळून निघतो आणि जो रस वर येतो, तो थिजला की बेसाल्ट होतो. म्हणजे कवच हे प्रावरणातूनच, पण त्याच्यापेक्षा वेगळ्या घडणीचं तयार होतं. असा नवा सागरतळ जगभरात मिळून दर वर्षी सुमारे तीन चौरस किलोमीटर बनतो. जाडी सहा-सात किलोमीटर धरून गुणाकार केला तर वर्षाला वीस घन किलोमीटर खडक होतो.

रस वर आल्यावर त्याचं काय होतं, याचं चित्र शास्त्रज्ञांनी आधी डोंगरात पाहिलं. सायप्रसमधला ट्रूडोस, ओमानमधले डोंगर, आपल्याकडे लडाख आणि अंदमान इथे भूपट्टांच्या टकरीत सागरी कवचाचे तुकडे जमिनीवर चढून बसले आहेत. तिथे क्रम असा दिसतो. वर उशांसारखे गोल गोल गठ्ठे असलेला बेसाल्ट. पाण्यात बाहेर पडलेला लाव्हा पटकन थिजला की असा होतो. त्याखाली डाइक, म्हणजे भेगांमध्ये थिजलेल्या उभ्या भिंती, पण इथे भिंतीला भिंत लागून, मध्ये दुसरा खडकच नाही. पुस्तकांच्या फळीवर पुस्तकं उभी ठेवावीत तसं. त्याखाली गॅब्रो. हा बेसाल्टचाच भाऊ, पण सावकाश थंड झाल्यानं मोठ्या स्फटिकांचा. आणि तळाशी पेरिडोटाइट. पाठ्यपुस्तकातली थरांची आकृती मुख्यतः इथून आली.

पण डोंगरावर चढलेला तुकडा हा साध्या, सर्वसाधारण सागरतळाचा नमुना मानावा का? बहुतेक तुकडे मुळात कुठे घडले यावर वाद आहेत. म्हणून प्रत्यक्ष समुद्रात खोदणं भाग होतं.

हे खोदकाम म्हणजे आपली बोअर नव्हे. जहाजावरच्या उंच मनोऱ्यातून नळाला नळ जोडत खाली सोडतात. साडेतीन किलोमीटर पाण्यातून ती नळांची माळ एखाद्या लांब दोऱ्यासारखी लोंबत असते. टोकाला दात असलेलं बिट फिरतं आणि मधल्या पोकळीत मनगटाएवढा जाड खडकाचा दंडगोल शिरत जातो. त्याला कोअर म्हणतात. साडेनऊ मीटर खोदलं की आतली नळी तारेनं वर ओढून कोअर काढायची. कठीण खडकात बिट काही तासांतच झिजतं. मग सगळी माळ वर काढायची, बिट बदलायचं आणि पुन्हा तेच भोक शोधायचं! त्यासाठी तळावर भोकाच्या तोंडाशी मोठं नरसाळं बसवून ठेवतात. ही युक्ती १९७० मध्ये साधली.

पूर्व प्रशांत महासागरातलं '५०४-बी' हे भोक १९७९ मध्ये सुरू झालं. १९९३ पर्यंत अनेक मोहिमांनी ते खोल नेलं. अखेर २,१११ मीटरवर नळ अडकले आणि काम थांबलं. गाळ, लाव्हा, मग डाइक, असा क्रम डोंगरातल्यासारखाच निघाला. गॅब्रो मात्र आला नाही. डाइकची रांग संपेचना.

मग प्रश्न उलटा घालण्यात आला: गॅब्रो सगळ्यांत उथळ कुठे असेल? भूकंपलहरींसारख्या कृत्रिम लहरी सोडून केलेल्या पाहण्यांत एक नातं दिसलं होतं. पर्वतरांगेवर तळ जितक्या वेगानं फाकतो, तितका खालचा रसाचा साठा उथळ असतो. कारण सोपं आहे. खालून रसाबरोबर उष्णता येते आणि वरून भेगांत शिरलेलं समुद्राचं पाणी ती पळवतं. वेग जास्त असेल तर उष्णतेची सरशी होते आणि साठा वर टिकतो. या नात्यावरून शास्त्रज्ञांनी मध्य अमेरिकेजवळचा, दीड कोटी वर्षांपूर्वीचा असा सागरतळ निवडला की जो वर्षाला २० सेंटिमीटरहून जास्त वेगानं फाकताना तयार झाला होता. इतक्या वेगानं आज कुठेच तळ फाकत नाही. शिवाय तो विषुववृत्ताजवळ घडला. तिथे सूक्ष्म जीवांची रेलचेल, त्यामुळे अडीचशे मीटर गाळ साचला होता. उघड्या खडकावर बिट घसरतं. गाळ असला की त्याला आधार मिळतो. आणि खोदण्याआधीच भाकीत लिहून ठेवलं गेलं: खडक लागल्यापासून साधारण १,०२५ ते १,३०० मीटरच्या दरम्यान गॅब्रो मिळेल.

'१२५६-डी' नावाचं हे भोक २००२ मध्ये 'जॉइडीस रेझोल्यूशन' जहाजानं सुरू केलं. वरच एका लाव्हाप्रवाहाचा ७५ मीटरहून जाड थर लागला. पुढे साध्या लाव्हाचे थर, मग जेमतेम साडेतीनशे मीटर डाइक, आणि डाइकचा तळचा भाग भट्टीत भाजल्यासारखा. २००५ च्या अखेरीस, खडक सुरू झाल्यापासून १,१५७ मीटरवर गॅब्रो लागला. धड सागरी कवचात गॅब्रोपर्यंत पोचण्याची ही पहिलीच वेळ. मला स्वतःला गॅब्रोपेक्षाही ते भाकीत महत्त्वाचं वाटतं. आधी आकडा सांगायचा, मग खणायचं, हे भूविज्ञानात फार वेळा जमत नाही. २०११ मध्ये पुन्हा तिथे गेल्यावर त्या भाजलेल्या खडकानं मात्र हात टेकायला लावले. एक बिट तर दात झिजून गुळगुळीत खुंट होऊन वर आलं.

या दोन भोकांनी एक धक्काही दिला. लहरींच्या वेगावरून सागरी कवचाचे भाग पाडले जात: पहिला गाळ, दुसरा लाव्हा आणि डाइक, तिसरा गॅब्रो. पण ५०४-बी मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या भागाची सीमा चक्क डाइकच्या मध्येच ओलांडली गेली, खडक न बदलता. आणि १२५६-डी मध्ये गॅब्रो लागला तेव्हा वेग अजून दुसऱ्याच भागाचा होता. म्हणजे ही सीमा खडकाचा प्रकार दाखवत नव्हती. खडकातल्या भेगा, छिद्रं आणि पाण्यामुळे झालेले बदल दाखवत होती.

आता मोहोबद्दल मघाशी लक्षात ठेवलेली गोष्ट आठवा. ही सीमा जर असा चकवा देते, तर मोहो तरी सगळीकडे गॅब्रो आणि पेरिडोटाइट यांची सीमा आहे कशावरून? पेरिडोटाइटमध्ये पाणी मुरलं की त्याचं सर्पेंटाइन बनतं. त्यात लहरींचा वेग इतका घटतो की तो गॅब्रोसारखा भासू शकतो. अशा ठिकाणी पाणी जिथवर मुरलं, तिथे 'मोहो' दिसेल आणि त्याच्या वरचं 'कवच' अंशतः प्रावरणच असेल. हेस यांनी १९६२ मध्येच असं सुचवलं होतं, पण तेव्हा ते फारसं टिकलं नव्हतं.

मंद गतीनं फाकणाऱ्या पर्वतरांगांवर याला आधार मिळतो. तिथे रस कमी पडतो आणि मोठ्या तिरक्या भेगांवरून खोलचे खडक वर ओढले जातात. दक्षिण हिंदी महासागरातल्या 'अटलांटिस बँक' इथे '७३५-बी' या भोकात तळापासूनच गॅब्रो लागला आणि १९९७ पर्यंत दीड किलोमीटर गॅब्रोच निघत राहिला. लाव्हा नाही, डाइक नाही. अटलांटिकमधल्या 'अटलांटिस मासिफ' या पर्वतावर २०२३ मध्ये १,२६८ मीटरचं भोक पाडलं गेलं आणि त्यातून मुख्यतः सर्पेंटाइन झालेला प्रावरणाचा खडक वर आला. त्याआधी अशा खडकातलं सर्वांत खोल भोक जेमतेम दोनशे मीटरचं होतं. मात्र हा मोहो पार करणं नव्हे. इथे प्रावरणच वर आलं होतं, आपण खाली गेलो नव्हतो.

खालच्या गॅब्रोचं कोडंही सुटलेलं नाही. चार-पाच किलोमीटर जाडीचा हा थर वरच्या एका लहान साठ्यात स्फटिक बनून, खाली बसून, हिमनदीसारखा सरकत तयार होतो, की निरनिराळ्या खोलीवर रसाचे आडवे थर थिजून? पहिलं खरं असेल तर जवळपास सगळी उष्णता वरून जाईल. दुसरं खरं असेल तर समुद्राचं पाणी पार खालपर्यंत पोचून थंडावा देत असलं पाहिजे. महासागराच्या पाण्यात कोणते क्षार किती येतात आणि जातात, याचा हिशेब या उत्तरावर अवलंबून आहे.

आपल्या किनाऱ्यासमोरही असाच एक प्रश्न पडून आहे. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे पाचशे किलोमीटरवर लक्ष्मी खोरं नावाचा सागरतळाचा भाग आहे. तिथलं कवच ताणून पातळ झालेलं खंडीय आहे की खरंखुरं सागरी, यावर बरीच वर्षं वाद आहे. २०१५ मध्ये जॉइडीस रेझोल्यूशन कोलंबोहून निघून, तिथे खोदकाम करून मुंबईला पोचलं. मोहिमेच्या दोन प्रमुखांपैकी एक होते गोव्याच्या राष्ट्रीय अंटार्क्टिक आणि महासागर संशोधन केंद्राचे धनंजय पांडे (हे केंद्र आज राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र म्हणून ओळखलं जातं). हिमालयाची झीज आणि मोसमी पावसाचा इतिहास हा मोहिमेचा मुख्य हेतू होता. पण एका भोकात हजार मीटरहून जास्त गाळ पार केल्यावर बेसाल्टही हाती आला. त्याच्या रासायनिक तपासणीवरून २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं तिथे एके काळी एक भूपट्ट दुसऱ्याखाली जायला सुरुवात झाली होती, असं तिसरंच उत्तर सुचवलं. ते सर्वांना पटलेलं नाही.

जॉइडीस रेझोल्यूशनचं संशोधनाचं काम २०२४ मध्ये संपलं. जपानचं 'चिक्यू' हे मोठं जहाज २००५ पासून आहे, आणि समुद्रतळाखाली मोहो गाठण्याचा इरादा जाहीर करून चीननं 'मेंग श्यांग' हे जहाज नोव्हेंबर २०२४ मध्ये सेवेत आणलं. १२५६-डी चं नरसाळं साडेतीन किलोमीटर पाण्याखाली आहे. हिंदी महासागरातले कोअर कोचीच्या भांडारात ठेवलेले आहेत. केरळातल्या नव्हे, जपानमध्येही एक कोची आहे. लक्ष्मी खोऱ्यातला तो बेसाल्टही तिथेच आहे.